सुखी कोंबडीचा भाव

प्राण्यांवर माझं फार प्रेम आहे, हे प्राण्यांना अजून पटलेलं नाही. सोसायटीतला कुत्रा कुरियरवाल्यापुढे शेपूट हलवतो आणि त्याला रोज बिस्किटं घालणारा मी दिसलो की भुंकून चारही मजले गोळा करतो. आजोळी एकदा हौसेनं म्हशीची धार काढायला बसलो, तर तिनं पहिली लाथ मला घातली आणि दुसरी चरवीला, म्हणजे निदान क्रम तरी विचार करून लावला. आणि जत्रेत वडिलांच्या मागे लागून घेतलेलं, हिरव्या रंगात बुडवलेलं कोंबडीचं पिल्लू मी बुटाच्या खोक्यात कापूस अंथरून, वर आईच्या जुन्या लुगड्याची चौघडी पांघरून, इतकं जपून निजवलं की ते पुन्हा उठलंच नाही.

तरी भूतदया सुटत नाही. फक्त ती कॅलेंडर बघून येते. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या आणि अख्खा श्रावण मी कुठल्याही जिवाच्या वाटेला जात नाही, आणि श्रावण लागायच्या आदल्या दिवशी त्या महिनाभराच्या पुण्याची आगाऊ उचल घेऊन मटणाच्या रांगेत पिशवी धरून उभा असतो. उरलेल्या वारांना अंडी. अंड्याचं आमच्या घरात एक बरं आहे. ते मांसाहारात मोडतं की नाही यावर सासूबाईंनी आणि मी आजवर एकमत होऊ दिलेलं नाही, त्यामुळे दोघांनाही ते खाता येतं.

या सुरळीत संसारात काडी टाकली ती लेकीनं. ती जर्मनीत असते. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तिनं ऑम्लेटसाठी काढलेलं अंडं कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यावर लाल शाईत आकडे छापलेले.

"बाबा, हा पहिला आकडा बघ. शून्य म्हणजे सेंद्रिय, कोंबडी बाहेर हिंडणारी. एक म्हणजे तीही बाहेर हिंडणारी, पण खाद्य साधं. दोन म्हणजे शेडमध्येच, पण मोकळी. तीन म्हणजे पिंजरा."

"आणि चार?"

"चार नसतं, बाबा. तू कुठली खातोस?"

मी म्हटलं, आम्ही ताजी खातो. त्यावर तिनं माझा वर्गच घेतला. युरोपात जुन्या पद्धतीचे रिकामे, तारेचे पिंजरे २०१२पासून बंद आहेत. जर्मनीत तर २०२२पासून अंड्याच्या जातीची नर पिल्लं मारायलाही बंदी आली. आता पिल्लं कशाला कोण मारतंय, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की अंड्यासाठी तयार केलेल्या जातीतही निम्मी पिल्लं नर निघतात. ती अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही धरत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांचा निकाल पहिल्याच दिवशी लावतात. आपल्याकडे त्यातली काही रंगवून बाजारात येतात.

"म्हणजे तुझं ते हिरवं पिल्लू," ती म्हणाली.

इतकी वर्षं मनावर घेतलेलं ओझं झटकन उतरलं. ते पिल्लू माझ्या हातून गेलं नव्हतं, त्याला मुळात मरायलाच पाठवलं होतं! मी हे जरा मोठ्यानंच बोललो असणार, कारण स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "चौघडीखाली गुदमरवलं ते तुम्हीच."

सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि घसा साफ करून विचारलं, "शून्य नंबरचं अंडं आहे का?"

"काका, आपल्याकडे सगळा एक नंबर माल."

"एकही चालेल. तीन तेवढं नको."

त्यानं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, काउंटरखालून एक तडकलेलं अंडं काढलं आणि म्हणाला, "हे न्या. शून्य रुपये."

आपल्याकडे अंड्यावर कोंबडीचा पत्ता छापायची सक्ती नाही. खोक्यावर मात्र काय वाटेल ते छापता येतं. हिरवंगार कुरण, उगवता सूर्य, लाकडी कुंपण, आणि त्यापुढे माझ्यापेक्षा कितीतरी निरोगी व समाधानी दिसणारी एक कोंबडी. असली खोकी मी चष्मा पुसून पुसून वाचली. प्रथिनं किती, ओमेगा किती, सगळं होतं. कोंबडी कुठे राहते ते सोडून.

तेव्हा म्हटलं, गावरान शोधावीत. मंडईबाहेर एक मावशी टोपलीत भुसा घालून त्यात अंडी मांडून बसतात. भाव दुकानाच्या दुप्पट. मी खाली उकिडवा बसलो आणि विचारलं, "मावशी, या कोंबड्या सुखी आहेत ना?"

मावशींनी मला नीट न्याहाळलं. "दिसभर उकिरडा उकरत्यात, सांच्याला खुराड्यात जात्यात. नवरा न्हाई, सासू न्हाई. सुखीच म्हनायच्या."

या उत्तरानं मी इतका भारावलो की घासाघीस करायचं विसरलो. आयुष्यात प्रथमच. पण पुढच्या वेळी टोपली रिकामी. कोंबडी खुडूक बसलीय, आता महिनाभर काय मिळायचं नाही, असं मावशींनी सांगितलं आणि मी शेजारच्या हातगाडीकडे वळलो, तिथं बारमाही गावरान अंड्यांचा डोंगर होता, सगळी एकसारखी तपकिरी, एकाच मापाची, आणि हातगाडीवाल्यानं तर कोंबड्या किती सुखी आहेत हे मी न विचारताच सांगितलं. घरी हिनं अंडी उकडायला ठेवली. थोड्या वेळानं मला आत बोलावलं. पाणी तपकिरी झालं होतं आणि अंडी पांढरी.

"चहा पावडरीत रंगवलीत," ती म्हणाली. "गाळून देऊ का? साखर टाकते."

शेजारी प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून ते दार उघडंच ठेवतात. त्यांनी माझं उरलंसुरलं ज्ञानही काढून घेतलं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तिच्या सुखदुःखावर नाही; लेगहॉर्न पांढरं अंडं देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी, आणि तपकिरी अंड्याची कोंबडी पिंजऱ्यात ठेवली तरी तपकिरीच देते. मी म्हटलं, पण मावशींच्या अंड्याचा बलक केशरी होता, तो तर खोटं बोलणार नाही. सर हसले. खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला की कुठल्याही बलकाला हवी ती छटा आणता येते. दसऱ्याला मी दाराला झेंडू लावतो, कोंबडी पोटात घेते, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष बघितल्याशिवाय इलाज नव्हता. मेव्हणीचा मुलगा सांगली जिल्ह्यात लेयर पोल्ट्री करतो. बीएस्सी ॲग्री झालेला, अत्यंत गुणी पोरगा. त्याला प्रेमानं चार शब्द सुनवावेत आणि त्याच्या कोंबड्या सोडवाव्यात या बेतानं मी निघालो. मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून विधी आयोगाचा जुलै २०१७चा २६९वा अहवाल, जो खास अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या हालांवर आहे, तो सोसायटीच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर छापून घेतला. (त्या कागदांच्या रिमवरून सेक्रेटरींशी जे झालं तो वेगळा विषय आहे.)

शेडच्या दारातच अमोनियानं डोळ्यांतून पाणी काढलं. भाच्याला वाटलं मी हळवा झालो. आत रांगाच रांगा, एकावर एक पिंजरे, आणि मी पाऊल टाकताच हजारो माना एकदम बाहेर येऊन माझ्याकडे वळल्या. एक तारखेला बँकेत कॅशच्या खिडकीत बसलो की समोर जे दिसायचं, तेच. मला उगाचच "सर्व्हर डाउन आहे" असं म्हणावंसं वाटलं.

एकेका पिंजऱ्यात तीन-चार कोंबड्या. खाली तारेची जाळी, पुढे उतरती, म्हणजे अंडं आपोआप घरंगळत पन्हाळीत येतं. मी अहवालाचं पान पिंजऱ्याला लावून पाहिलं. ए-फोर कागद म्हणजे साधारण ६२४ चौरस सेंटीमीटर. एका कोंबडीच्या वाट्याला येते साडेचारशेच्या आसपास जागा. म्हणजे पंख उघडायचा विषयच नाही. कोंबडीला अंडं घालायला आडोसा लागतो, रात्री बसायला दांडी लागते, मातीत लोळून पिसं साफ करायची असतात, असं सगळं त्या पानावर लिहिलेलं होतं आणि त्या पानाएवढीसुद्धा जागा तिला नव्हती. मी हे भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो, तेवढ्यात एका कोंबडीनं मान काढून शिफारशींचा कोपरा फाडून गिळला. एकमेकींना टोचू नये म्हणून तिच्या चोचीचं टोक लहानपणीच छाटलेलं होतं. तरी जमलं.

"काका, एक सांगू?" भाचा म्हणाला. "रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालती. आपली गावठी साठ-सत्तर. ही तीनशेच्या वर. रोज एकशेदहा-पंधरा ग्रॅम खाद्य एकेकीला. माझ्या खर्चाचा पाऊण हिस्सा मका आणि सोयापेंडच खाऊन टाकती. सकाळी शेकड्याचा भाव फोनवर येतो, तो काय मी ठरवत नाही. खाली सोडायच्या म्हटलं तर जागा जास्त, माणसं जास्त, खाद्य जास्त, अंडी घाणीत, वरनं मुंगूस. अंड्यामागं दोन-चार रुपये तरी वाढणारच. आणि पन्नास पैसे वाढले तरी गिऱ्हाईक दुकान बदलतंय."

"असं कोण करतं?"

"आमची मावशी, तुमच्या घरातली. परवा तिनंच सांगितलं फोनवर."

मी विषय बदलला आणि देशाकडे वळलो. २०२३-२४ मध्ये भारतात १४,२७७ कोटी अंडी झाली, माणशी वर्षाला १०३. मी म्हटलं, एवढी लागतातच कशाला? भाचा म्हणाला, तुम्हाला नसतील लागत. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, तेव्हा त्याच्या गावच्या शाळेत त्या दिवशी पोरांची हजेरी दिसायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे थांबवले. "पाच-सहा रुपयांत त्या पोरांना दुसरं काय मिळतंय, सांगा." मी मनातल्या मनात १०३ला माझ्या खाण्यानं भागायला घेतलं होतं. उत्तर काही चांगलं येत नव्हतं. कुणाकुणाच्या वाटची अंडी माझ्या पोटात होती.

मग मी हुकमी एक्का काढला. म्हटलं, ब्रॉयलरला तर तुम्ही इंजेक्शनं देऊन फुगवता. त्याचा धाकटा भाऊ ब्रॉयलर करतो, तो तिथंच उभा होता. तो म्हणाला, "काका, पाच हजार पक्षी रोज कोण टोचत बसणार? मला स्वतःला धनुर्वाताचं घ्यायला सवड नाही." पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती जातच अशी बनवलीय की चाळीसेक दिवसांत दोन किलोची होते, असं त्यानं समजावलं, मांस इतक्या लवकर भरतं की काहींचे पाय तो भार पेलत नाहीत, बसूनच असतात. लोक नसलेल्या इंजेक्शनला घाबरतात आणि असलेल्या पायांकडे बघत नाहीत, असंही म्हणाला. हे वाक्य मी नंतर सोसायटीत माझं म्हणून वापरलं.

"तुम्ही कोरोनात चिकन सोडलं होतं ना?" धाकट्यानं विचारलं.

मी ताठ बसलो. सोडलं होतं. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडीतून कोरोना येतो असा मेसेज फिरत होता तेव्हा, मी तो पुढे एकूण एक ग्रुपवर पाठवून चिकन कडकडीत बंद केलं होतं आणि फणसाची भाजी खात होतो.

"तेव्हा भाव इतका पडला की खाद्याचे पैसे निघेनात. मी गावात फुकट वाटले पक्षी, घ्यायला कुणी येईना. काही ठिकाणी लोकांनी जिवंत पुरले खड्डा काढून."

आयुष्यात एकदाच मी कोंबडी खाणं मनापासून सोडलं, आणि त्या कोंबड्या न खाताच मेल्या.

निघताना भाच्यानं अंड्यांचा अख्खा ट्रे हातात दिला. तत्त्वाचा प्रश्न होता, पण नातेवाइकांचं मन मोडवत नाही. हिनं झणझणीत अंडाकरी केली. मी रस्सा दोनदा घेतला.

त्या रश्श्यानंतरच्या पश्चात्तापात मला मार्ग दिसला. आपणच कोंबड्या पाळायच्या! आम्ही तळमजल्यावर राहतो, मागे धुणं वाळत घालायची चार हात जागा आहे. भोरच्या बाजारातून दोन गावठी कोंबड्या आणि एक तुरेवाला कोंबडा घेतला. विकणाऱ्यानं सवयीनं तिघांचे पाय बांधून उलटे माझ्या हातात दिले. मी त्याला तिथल्या तिथं भूतदयेवर बोललो, पाय सोडवले, तिघांना कापडी पिशव्यांतून माना बाहेर ठेवून सन्मानानं एसटीत बसवलं. कात्रजचा घाट उतरताना कोंबडा पिशवीतून निघाला. तो पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या टोपीवर बसला, तिथून सामानाच्या रॅकवर गेला, तिथून त्यानं खालच्या प्रवाशांवर आपलं मत व्यक्त केलं, मी त्याच्यामागे सीटांवर चढत होतो, कंडक्टर दोघांचीही तिकिटं मागत होता, आणि या गदारोळात एका आजींनी बसल्या जागेवरून हात घालून त्याचे पाय धरले, त्याला उलटा केला आणि माझ्या हातात दिला. "आसं धरा. गप ऱ्हातो."

स्वारगेटपर्यंत तो उलटाच आला.

घरी कोंबड्या मोकळ्या सोडल्या, आणि सुखी कोंबडी दिवसभर काय करते याचं मला शिक्षण मिळालं. ती उकरते. हिची तुळस उकरली, मोगरा उकरला, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी खाली ठेवलेली कोथिंबिरीची कुंडी उकरली आणि त्या खड्ड्यात बसून दोघींनी डोळे मिटून अंगावर माती घेतली. अहवालात लिहिलेलं सगळं खरं निघालं, याचा मला कोण आनंद झाला! तो वहिनींना सांगायला गेलो, ते जमलं नाही. कोंबडा पहाटे चारला आरवायचा. कोंबडं झाकलं तरी सूर्य उगवायचा राहत नाही, हे आपण शाळेत शिकतो. कोंबडं आरवायचंही राहत नाही, हे मी डालगं, त्यावर पोतं, त्यावर सोलापुरी चादर एवढं घालून सिद्ध केलं. चौथ्या मजल्यावरून नोटीस आली.

अंडी मात्र मिळाली. म्हणजे मिळायला लागली आणि थांबली, कारण दोघी आगेमागे खुडूक बसल्या. खुडूक कोंबडीला उठवायला गेलं की ती फुगते, विचित्र आवाज काढते आणि हाताचा लचका तोडते. हिनं वही काढून खाद्य, डालगं, धनुर्वाताचं इंजेक्शन (मला), नवीन तुळस आणि वहिनींची कुंडी असा हिशेब मांडला, तेव्हा आमचं एक अंडं डझनभर हापूसच्या भावाला पडत होतं. भाचा म्हणाला होता ते हेच, फक्त त्यानं बिचाऱ्यानं दोन-चार रुपये सांगितले होते.

पिल्लं निघाली तेव्हा सगळी नाराजी पळाली. सोसायटीतली पोरं रांग लावायची. पोरांनी नावं ठेवली. मी कुणालाही चौघडी पांघरू दिली नाही. पिल्लं मोठी झाली, आणि हळूहळू त्यातल्या निम्म्यांना तुरे फुटले.

आता चारच्या सुमाराला एक नाही, संघ आरवायला लागला. नर एकमेकांना रक्तबंबाळ करायचे. सगळे ठेवणं अशक्य, कापणं माझ्याच्यानं होणारं नाही, आणि नावं ठेवलेले कोंबडे विकायचे कसे? जर्मन सरकारला जो प्रश्न सोडवायला कायदा करावा लागला तो धुण्याच्या दोरीखाली उभा होता. शेवटी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या सुमनताई म्हणाल्या, गावाकडं मोप जागा हाय, द्या तिकडं. मी गहिवरून सगळे तुरेवाले त्यांच्या स्वाधीन केले, सोबत खाद्याची पिशवी दिली, कोण काय खातं ते कागदावर लिहून दिलं. सोमवारी त्या कामावर आल्या.

"कसे आहेत सगळे?" मी विचारलं.

"झ्याक झाला रस्सा," सुमनताई म्हणाल्या.

त्यानंतर कोंबड्याही त्यांनाच दिल्या आणि मी शुद्ध अहिंसेकडे, म्हणजे पनीरकडे वळलो. इथे तरी कुणाचा जीव जात नाही, या समाधानात दूधवाल्याचा गोठा बघायला गेलो. तिथं सगळ्या गाई, कालवडी. गोऱ्हा एकही नाही. गाय व्याल्याशिवाय दूध येत नाही आणि निम्म्या वेळा गोऱ्हा होणार, हे गणित आता मला झोपेतही येत होतं. विचारलं तर दूधवाला दाराबाहेर बघायला लागला. एचएफच्या गोऱ्ह्याला जू टेकायला धड वशिंड नसतं, शिवाय शेतात ट्रॅक्टर. २०१५पासून राज्यात बैल आणि वळूही कत्तलीला देता येत नाहीत. मग दूध न देणारं, काम न करणारं जनावर जन्मभर कोण पोसणार? कुणी दूध तोडून मरू देतं, कुणी रात्री रस्त्यावर सोडून येतं. आता निवडक रेतन मिळतं, त्यानं बहुतेक कालवडीच होतात, पण ते महाग. "काका," तो म्हणाला, "तुम्ही दुधाला लिटरमागं किती जास्त देता, ते बोला."

मी घरी येऊन सोयाबीनच्या दुधाचा चहा केला. तो फाटला. ही कप हातात धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा कुठल्या जनावराला वाचवायला प्यायचाय?"

हे सगळं बहुधा तिनंच सांगलीला कळवलं असावं, कारण भाच्याचा फोन आला. म्हणाला, काका, तुमचं मनावर घेतलंय. एक लहान शेड पिंजरे काढून करून बघतो. खाली तूस, बसायला दांड्या, अंड्यांसाठी खोकी. पण अंडं अठरा रुपयांना पडेल. गिऱ्हाईक तुम्ही आणा, मग घालतो पैसे.

मी सोसायटीच्या ग्रुपवर मोठा मेसेज लिहिला. शेड, ए-फोर कागद, चोच, पाय, सगळं घातलं. सेक्रेटरींसकट सगळ्यांनी हात जोडले, अश्रू ढाळले, एका वहिनींनी तर गाईला मिठी मारलेल्या बाळाचा व्हिडिओ टाकला. मग मी भाव लिहिला. ग्रुपवर एकदम कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी खासगीत विचारलं, डझनावर दोन फ्री आहेत का. प्राध्यापकांनी घेतो म्हणून सांगितलं, पण आठवड्याला तीन, आणि सुटे पैसे आणाल ना.

या माणसांची मला मनस्वी चीड आली. एका जिवाचं सुख आणि हे रुपये मोजतायत! मी ताबडतोब भाच्याला फोन लावला, म्हटलं, दुसऱ्या कुणाचं मला सांगू नकोस, पहिलं गिऱ्हाईक मी, महिन्याची ऑर्डर लिहून घे. तो खूश झाला. मी जरा आवाज खाली आणून विचारलं, "बरं, अठरा हे बाहेरच्यांना. आपल्या माणसाला कितीला?"

फोन माझ्या कानाजवळून ओढला गेला.

"तू त्यांचं ऐकू नकोस रे," ही म्हणाली. "यांना वीसनं लाव."